दुसरा ब्रेक

नाही नाही, उतरू नका ताई, आधी ते दार लावून घ्या — हां. दोनदा नापास झालात म्हणून लगेच शिकणंच सोडायचं? ‘मास्तर, माझ्यातच खोट आहे’ म्हणे! कुणी सांगितलं? — मी? मी कधी म्हणालो असं? बरं, म्हणालो असेन. जिभेला हाड नाही माझ्या, बावीस वर्षं गाडी शिकवतोय, सतराशे साठ जणांना बोललो असेन. पण आज ऐका जरा. गाडी उभी आहे, इंजिन बंद आहे, मैदानात चिटपाखरू नाही. हे माझ्या पायाशी काय आहे? ब्रेक. दुसरा ब्रेक, मास्तरांचा. मागच्या सोमवारी तुम्ही विचारलंत, ‘मास्तर, तुम्ही दाबला का?’ आणि मी काय म्हणालो? छे, पायसुद्धा लावला नाही म्हणालो. खोटं बोललो ताई. साफ खोटं.

दोन महिने तुमच्या आधी मीच दाबतोय. चौक दिसला की माझा पाय पुढं, कुत्रं दिसलं की पाय पुढं, परवा तर वाऱ्यानं कागद उडाला तरी — हसू नका, खरंच. उजव्या बुटाचा तळ चार महिन्यांत जातो, दुरुस्तीवाला विचारतो, साहेब, एकाच पायानं चालता का? मग परीक्षेला शेजारी बसतो परीक्षक, तो आपला पाय आवरून बसणार, आणि तुम्हाला वाटतं गाडी आपोआप थांबते! तुम्ही नाही नापास झालात, मी झालो. सुरुवातीला कारण होतं हो. पहिल्याच वर्षी एकानं गाडी नेऊन भिंतीत घातली, कपाळाला सहा टाके पडले त्याच्या, तेव्हापासून पाय तिथंच. पण त्याला झाली वीस-बावीस वर्षं. आता भीती कुठली, आता नुसती खोड — आणि खोड तरी कसली, बरं वाटतं मला. शेजारचं माणूस घाबरून म्हणतं ना, ‘मला नाही जमायचं मास्तर, तुम्हीच घ्या’ — ते ऐकायला बरं वाटतं. झालं. बोलून गेलो.

आमच्या हिच्या बाबतीत तेच केलं. — नाही, तुम्ही नाही पाहिलं तिला, ती इकडं फिरकत नाही. रविवारी शिकवायचो, याच गाडीत. आणि काय चालवायची! तिचा ब्रेक अगदी नेमका पडायचा, आणि वरून माझा — गाडी गचका खाऊन बंद. ‘अहो, तुम्ही दाबला का?’ — ‘छे, तूच गडबडलीस.’ दर रविवारी हेच. परीक्षेला मी शेजारी नव्हतो, तर पहिल्या झटक्यात पास. हसत घरी आली, आणि मी म्हणालो, नशीब बघ तुझं, रस्ता रिकामा मिळाला. तिचं तोंड असं एवढंसं झालं. लायसन्स गेलं कपाटात, कपड्यांच्या खाली, आणि तेव्हापासून तिचं एकच पालुपद, ‘मला कुठं येतं.’ मी नुसता ऐकायचो.

मग गेल्या वर्षी तिच्या आईचं झालं. सकाळी भावाचा फोन — आईचं काही खरं नाही, लगेच निघ. गाडीनं तासाचा रस्ता. मी शिकणाऱ्यांना घेऊन दुसऱ्या गाडीनं परीक्षेला गेलेलो, तिथं फोन बंद ठेवायचा नियम. ही गाडी दारात उभी. शेजारच्या काकूंनी सांगितलं मला नंतर — अर्धा तास स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. सुरू करायची, बंद करायची. शेवटी उतरली, दोन बस बदलून गेली. पोचली तेव्हा वीस मिनिटं झाली होती आई जाऊन. वीस मिनिटं, ताई! मी पोचलो तर मला काय म्हणाली? चिडली? नाही हो. ‘माझ्यातच खोट आहे’ म्हणाली. तुमचेच शब्द. आणि मी काय केलं — पाठीवरून हात फिरवला तिच्या, समजूत काढली! लाज वाटते हो मला. चोर तो चोर, वर समजूत काढतोय.

काय? तिला? — नाही. तिला नाही सांगितलं. वर्ष झालं. रोज जेवताना सांगायचं ठरवतो, आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणतो.

बरं, ते राहू द्या. हे बघा, दोन्ही पाय वर घेतले, मांडी घालून बसलो. आता ब्रेक तुमच्या एकटीचा. फिरवा किल्ली. क्लच. सावकाश. घ्या मैदानाबाहेर, रस्त्यावर. — पुढं चौक आहे, हो, मलाही दिसतोय, माझ्याकडं काय बघता, समोर बघा! घाम येतोय मला, येऊ द्या, तुम्ही — थांबली! कुणी थांबवली? बोला ना, कुणी? हां. मोठ्यानं म्हणा तसं. आता डावीकडं. तिसरी गल्ली. ते निळं फाटक — हो, माझंच घर. हॉर्न वाजवा. अजून एकदा.

आली बघा, हात पुसत. तिला वाटतंय काहीतरी विसरलो म्हणून आलोय. ताई, तुम्ही उतरा आता. इथून चालत जा, लांब नाही. किल्ली? राहू द्या तिथंच. सीट मोकळी करा तिच्यासाठी. — काय सांगणार ते मला तरी कुठं ठाऊक? जा ना तुम्ही. जा.