डॉक्टरच्या खाटेवरचे बुवा

मंडळी, ऐका! एक प्रश्न टाकतो. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली तो पाहुणा दारात आला, आणि आपण म्हटलं, 'घरात जागा नाही' — तर तो परत गेल्यावर रडायचं कुणी? बोला! ...एकमेकांकडं काय बघता? म्हणजे ओळखलंत!

तर एक गाव होतं. नाव सांगत नाही, समोरच बसलंय! गावात सरकारी दवाखाना, पाटी झकास, पण डॉक्टर नाही. चार वेळा जाहिरात निघाली, कुणी फिरकेना. गावानं काय केलं? दवाखान्यालाच कुलूप ठोकलं! अहो, कुलूप बघून डॉक्टर येतो होय?

आणि आज दुपारी आल्या! डॉक्टर निलांबरी गवारे. हलगी काय, हार काय, फोटो काय! त्या म्हणाल्या, "सत्कार पुरे. राहायचं कुठं?"

सरपंच रंगनाथ आबांनी त्यांना डॉक्टरच्या क्वार्टरवर नेलं. दारात सप्ताहाची पातेली, ओट्यावर मंडपाचे बांबू, आणि आत खाटेवर एक बुवा — ढाराढूर! पोट वर-खाली, वर-खाली!

"हे कोण?"

"आमचे बुवा. दर सप्ताहाला इथंच उतरतात. आत संडास आहे ना, म्हणून!"

"आणि मी?"

"तुम्ही तालुक्याला राहा की! एसटीनं जाऊन-येऊन करा. मागचे डॉक्टर तसंच करायचे."

"किती टिकले ते?"

"आठ."

"आठ महिने?"

"आठ दिवस! लई गुणी माणूस."

आता तो बुवा कोण? हसू नको रे मृदंगवाल्या, तू शेजारीच घोरत होतास! अहो, मीच तो! जाग आली होती मला. सगळं ऐकलं. आणि केलं काय? कूस बदलली! इथं उभं राहून तुम्हाला त्याग शिकवतो, आणि खाट सुटेना! लाज वाटली, मंडळी. खरंच वाटली.

ती बघा सोजराकाकूंची सून. नववा लागलाय. तिच्या कळा काय एसटीची वेळ विचारून येणार? आणि मागं बघा, खांबाजवळ. डॉक्टरीणबाई ट्रंकेवर बसल्यात. साडेसहाची गाडी धरणार. आता सहा वाजलेत!

ही घ्या चावी, मॅडम! मी देवळात झोपेन. डास चावले तर तुमच्याकडंच येईन! पण पातेली कोण उचलणार? माना काय डोलावता? उठा! आबा, मोठं पातेलं तुमचं. बांबू तरुण मंडळींचे. नाम तोंडानं घ्या, हात मोकळेच आहेत!

आरती? आरती मॅडमची ट्रंक आत गेल्यावर!