दुधासंगं गोळी

— थांब पोरी, वडलांना ती गोळी दुधासंगं नको देऊ. थर्मास बंद कर आधी. मी कोण? सारजाबाई, हर्सूलची. आमचे मालक आत डॉक्टरकडं गेलेत, त्यांनाबी हाच आजार, कंपवात — हात थरथरतो, पाय जमिनीला चिकटतो. डॉक्टर नाय मी, चौथी शिकले. पण नातीचं जीवशास्त्राचं पुस्तक तीन महिने बोट ठेवून वाचलंय. ऐक. मेंदूत शिरायला पेशीच्या पडद्यात दारं असतात. उघडं फाटक नव्हं — एक कण आत घ्यायचा तर आतला एक बाहेर सोडायचा. अन् सोडायला आत कुणी नको? तो शेजारच्या दुसऱ्याच दारानं आणून ठेवलेला असतो. दोन्ही दारं एकमेकांच्या भरवशावर, एकट्याचं काय चालत नाय. ही गोळी म्हणजे अमिनो आम्लच, दुधातली, डाळीतली अमिनो आम्लंबी त्याच दारावर येणार. सणाला गुलमंडीच्या बाजारगर्दीत तुझी रिक्षा शिरती का? तसंच. गोळी राहती बाहेर, माणूस राहतो खुर्चीत.

मला कसं कळलं? कळलं — व्हय. गोळी गरम पडते म्हणून दूध, आपल्यात असंच नाय का? मीबी दिलं. म्हशीचं, साय घालून, दोन वर्षं. डॉक्टरनं सांगितलं नव्हतं? सांगितलं होतं की, पहिल्याच दिवशी. मीच म्हटलं, याच्या वयाएवढी वर्षं मी चूल सांभाळली, हा मला शिकवणार. अन् मालक उठेनात, तर म्हटलं सोंग करता — पाहुण्यांदेखत म्हटलं. एकदा हात धरून ओढलं, न्हाणीच्या उंबऱ्यावर पडले, खुबा मोडला. वरून मलाच म्हणाले, सारजा, चुकलं माझं, तुला लई तरास. अजून म्हणतात.

सांगितलं का त्यांना? काय सांगायचं — दूध बंद केलं, काठीवर चालायला लागले, झालं की. तसं रोज सकाळी सांगायचं ठरवते. पेला घेऊन जाते, तोंड उघडते, अन् नुसतं पाणी देऊन माघारी येते. आजबी — तू काय बघतीस माझ्याकडं?

ते बघ, दार उघडलं. आले. तुझा नंबर आता, ऊठ, वडलांना धर. थर्मास पिशवीत घाल, आत, खाली. अन् मालकांसमोर दुधाचं नाव काढायचं नाय.