इंदूनं उचललेलं जाळं

कर्जतला रेशनच्या रांगेत विमल उभी होती. पुढं कडावच्या दोघी, आनंदीबाई आणि इंदू. विमलचे कान तिकडेच.

"इंदू, बाईमानूस असून जाळं उचललंस म्हनं?"

"मंग काय करू, मावशी? कोंडा टाकून नवऱ्यानं जाळं नदीत बुडवलं, त्यावर मासं जमलं, आनि आमचं ध्यान काठावर घोरतंय! चारी कोपरं एकदम वर घेतलं. टोपली भरली."

"जाळं इटाळलं म्हनत्यात. सांजच्याला पंच ते चुलीत घालनार. मंग पोरं काय खातील गं?"

"घालू देत. पन आधी पोटातलं मासं काढा म्हनावं."

"कुनाच्या पोटातलं?"

"पंचांच्याच. रीतीपरमानं त्याच टोपलीतला पयला वाटा त्यांच्या घरी पोचवला व्हता. मुडद्यांनी काटंसुदिक चोखलं!"