सतीशचा हर्निया

आमच्या अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या सतीशने कमरेला लपवून बाळगायला रिव्हॉल्व्हर घेतलं, तेही दुकानातलं सगळ्यात मोठं! दुकानदार सांगत होता, "लपवायचंय तर छोटं घ्या." पण सतीश पडला पुण्याचा. "जवळपास त्याच पैशांत एवढं मोठं मिळतंय, मग छोटं कशाला?"

मी म्हटलं, "अरे, लपणार कुठे हे?"

"कुर्त्याखाली. फक्त मंजिरीला कळता कामा नये, बायको घराबाहेर काढेल."

दसऱ्याला आम्ही सगळे काकांकडे सोनं द्यायला गेलो. काका म्हणजे रिटायर्ड सर्जन. सतीश त्यांच्या पाया पडायला वाकला आणि अर्ध्यातच अडकला. कुर्त्याखालचा फुगवटा काकांनी बरोबर हेरला.

"हर्निया असा अंगावर काढू नये रे."

सतीशने मागे पाहिलं. मंजिरी तिथेच उभी होती.

"हो काका," तो कण्हत म्हणाला, "दुखतं थोडं."

मंजिरीला रिव्हॉल्व्हरचा अजून पत्ता नाही. तिने सतीशला जड उचलायला बंदी केलीय आणि सर्जनची अपॉइंटमेंटही घेतलीय.

काल सतीश मला हळूच विचारत होता, "यार, हर्निया नसताना ऑपरेशन करतात का रे?"