सूप-ब्रेड आणि सोयरीक

आमच्या वऱ्हाडात ब्रेड आणतात तो आजारी माणसासाठी. हे माझ्या ध्यानात राहिलं असतं तर दादाचं लग्न अडायची वेळ आली नसती.

मागच्या थंडीत राजापेठेतल्या घरी मी मोबाईलवर पाहून टमाट्याचं सूप केलं. त्यात ब्रेड कुस्करून टाकायचा, म्हणजे ते दाट होतं आणि पोट भरतं. आम्ही सगळे शाली पांघरून, वाट्या घेऊन बसलो होतो. तेवढ्यात दादासाठी पाहिलेल्या मुलीचे मामा अकोटहून न सांगता आले. त्यांनी वाट्यांत डोकावून पाहिलं.

"सारेच बिमार हायेत का घरात?"

"नाई जी, थंडी हाये म्हणून," आई म्हणाली.

"बरं, आराम करा," म्हणत ते चहाही न घेता निघाले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "पोराच्या तब्येतीचं खरं सांगा."

बाबा म्हणाले, "जेवालेच या. सोताच्या डोयानं पाहा."

रविवारी मामा आले. आईनं लाल तर्रीची शेवभाजी केली होती, सोबत मिरचीचा ठेचा. मामा एकेकाच्या ताटाकडे पाहत होते. बाबांनी ठेचा पुन्हा मागून घेतला आणि कपाळावरचा घामही पुसला नाही.

"घर ठणठणीत हाये," मामा म्हणाले. सोयरीक पक्की झाली.

त्या ठेच्यानं बाबांचं पोट बिघडलं. डॉक्टरांनी तिखट बंद केलं, तेव्हापासून ते सूप-ब्रेडवर आहेत. परवा मामा त्यांची तब्येत पाहायला आले.

येताना ब्रेडचा पुडा घेऊन आले.