सुनंदा मॅडमचा कोरा कागद

काम पुढं नेऊ, काम पुढं नेऊ! आतापर्यंत चार जण बोलले, चारही जण हेच बोलून खाली बसले. मग आज सकाळी मॅडमचा धुळीच्या कागदांचा डबा विभागाच्या व्हरांड्यात कावून पडला होता? भंगाराच्या ढिगात, तुटक्या खुर्चीखाली, उन्हात? हापिसातल्या बाबूले विचारलं तर तो म्हणे, "बाई, मॅडमची खोली खाली करायची आहे, वरून ऑर्डर आहे." वरून म्हणजे कुठून? मॅडमले जाऊन अजून तेरा दिवस नाही झाले.

तो डबा मी उचलला. विचारलं नाही कोणाले. ऑटोत घातला, घरी नेला अन् माझ्या फ्रिजमध्ये ठेवला; ते कागद थंडच ठेवावे लागतात. ज्याले चोरी म्हणायची असेल त्यानं म्हणावं.

बसा, बसा. मी भांडाले नाही आली. मले असं समोर उभं राहून बोलता येत नाही. चौथी शिकली आहे मी, माइक आज पहिल्यांदा धरला. तुम्ही इतके लोक आले, मॅडमची आई पद्मनाभपुरवरून या उन्हात आली. आई, तुमच्याकडं पाहिलं की माझं तोंड उघडत नाही. पण बोलावंच लागते.

मी शोभा. जामुलले, कारखान्याच्या बाजूले राहते, पापड करते अन् सिविक सेंटरच्या बाजारात विकते. सुनंदा मॅडम हवेतली धूळ मोजत, त्या धुळीत शिसं किती, काय-काय विष किती, ते काढत. हे सगळ्यांनी सांगितलं. मशीन कोणाच्या गच्चीवर होतं, ते कोणी सांगितलं नाही. माझ्या गच्चीवर होतं.

पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यायनं माझ्या पापडावर बोट घासलं अन् ते बोट पाहत बसल्या. मले राग आला. म्हटलं, "घ्यायचे तर घ्या, नाही तर ठेवा. हुंगून काय पाहता?" त्या म्हणे, "बाई, हे वाळवता कुठं?" म्हटलं, "गच्चीवर. तुमच्या डोक्यावर वाळवू काय?" हसल्या. पापड घेतले, अन् दुसऱ्या दिवशी गच्ची पाहाले घरी हजर.

मग मशीन आलं. त्यात एक गोल पांढरा कागद बसे, पुरीएवढा. मशीन हवा ओढे, धूळ कागदावर बसे. रोज सकाळी चिमट्यानं जुना काढायचा, नवा घालायचा. बोट लावायचं नाही. संध्याकाळी मी जुने कागद पाही. काळे, काळे, नुसते काळे! म्हणी, "मॅडम, सांगा ना कोणाची धूळ आहे ही?" त्या म्हणे, "शोभाबाई, मोजल्याशिवाय बोलायचं नाही."

अन् उन्हाळ्यात आकाश पिवळं झालं की सगळे म्हणत, ही आपली धूळ नाहीच, ही राजस्थानच्या वाळवंटातली रेती, वाऱ्यानं आली. मॅडम म्हणे, "बरं. मग वाळवंटात जाऊन तिथली धूळही मोजू. रेतीत काय असते अन् आपल्याकडं काय असते, बाजूबाजूले ठेवून पाहू." म्हणून त्या तिकडं गेल्या. हौस म्हणून नाही गेल्या. अन् मघाशी एक साहेब बोलले ना, "वाळवंटानं त्यांना बोलावलं"? काही बोलावलं नाही वाळवंटानं. त्या दुसऱ्यांदा कावून गेल्या, ते मी सांगते. त्याच्यासाठीच उभी झाली आहे.

महिन्यातून एकदा मॅडम एक वेगळा कागद देत. म्हणत, हा गच्चीवर न्यायचा, मशीनमध्ये घालायचा, मशीन चालू नाही करायचं, लगेच काढायचा अन् डबीत घालून परत द्यायचा. कोरा. मी म्हटलं हो. पण मनात म्हटलं, हे काय बावा? आपल्याकडं शेजारणीचं भांडं कोणी रिकामं परत करते? साखर तरी घालतो, लिंबू तरी ठेवतो. अन् या इतक्या शिकलेल्या बाईले मी रिकामा कागद परत देऊ? मले लाज वाटली. म्हणून मी त्या कागदावर तासभर मशीन चालवलं. प्रत्येक वेळी चालवलं. पूर्ण उन्हाळाभर. अन् मनात खुश, की मी मॅडमले जास्तीचं देऊन राहिली.

पुढं त्या घरी आल्या, तोंड उतरलेलं. "कोऱ्या कागदावरही धूळ येऊन राहिली, शोभाबाई. माझंच काही चुकते." आठ दिवस त्या स्वतःची चूक शोधत होत्या. डब्या धुतल्या, चिमटा बदलला, वजनाचा काटा तपासला. आठ दिवस! मग माझ्यानं राहवलं नाही. सांगून टाकलं.

पहिले तर हसल्या. मग जिन्याच्या पायरीवर खाली बसल्या. म्हणे, "दूध मोजताना आधी रिकाम्या गंजाचं, त्या भांड्याचं, वजन करता ना? तो कोरा कागद म्हणजे माझा रिकामा गंज होता. हाताची, डबीची, रस्त्याची किती धूळ लागली, ते त्याच्यावरून वजा करायचं होतं."

म्हटलं, "मग आता?"

"आता पुन्हा."

"पुन्हा म्हणजे?"

"तुमची गच्ची पुन्हा, अन् वाळवंट पुन्हा. दोन्हीकडचे कागद एकाच उन्हाळ्यातले पाहिजेत."

मी हात जोडले. म्हटलं, "मॅडम, हे मले माहीत अन् तुमाले माहीत. तिसऱ्याले सांगूच नका." त्यायनं माझ्याकडं पाहिलं. म्हणे, "तुमच्या पापडात खडा आहे हे फक्त तुमाले माहीत असलं, तर तो पापड विकाल?"

मी जोडलेले हात खाली घेतले.

एक शब्द रागाचा नाही बोलल्या. वरून जाताना म्हणे, "बरं झालं सांगितलं." बरं झालं म्हणे! नसतं सांगितलं तर आज जिवंत असत्या.

या वर्षी त्या पुन्हा गेल्या. जीव गेला त्याच्या आदल्या दिवशी तिकडून फोन आला. "शोभाबाई, इथं कोसभर कारखान्याची चिमणी नाही. आकाश कसं निळं आहे! तरी कागद काळपट आला." म्हटलं, "कावून?" म्हणे, "ट्रक असतील, कचरा जाळत असतील, लांबून आलं असेल. मोजल्याशिवाय बोलायचं नाही." मग म्हणे, "तिकडचा कोरा कागद?" म्हटलं, "कोराच आहे, मॅडम. देवाची शपथ." त्या हसल्या. तेच शेवटचं.

दुसऱ्या दिवशी मशीन चालू होतं, त्या बाजूले बसल्या होत्या. मशीन एकटं सोडायचं नाही, हा त्यायचाच नियम. ऊन लागलं. लोक पोहोचले तवा मशीन चालूच होतं.

आई, माझ्याकडं पाहू नका असं. नाही, पाहाच. मी तुमची गुन्हेगार आहे. तुमची लेक माझ्या अडाणीपणापायी गेली. मघाशी तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला, तवा तुमाले हे माहीत नव्हतं. आता माहीत झालं. आता ठेवू नका.

मी रडत बसली नाही. माझ्या गच्चीवरचं मशीन मी बंद केलं नाही. रोज कागद बदलून राहिली. मॅडम गेल्या त्याच्या चौथ्या दिवशी कोऱ्या कागदाची पाळी होती. गच्चीवर नेला, घातला, काढला. चालू नाही केलं. डबीत घातला, अन् देणार कोणाले? तशीच उभी राहिली डबी हातात घेऊन.

वाळवंटातले कागद त्या डब्यात आहेत. माझे कागदही आता त्याच्याच बाजूले ठेवले. फ्रिज आहे माझ्याकडं. काटा नाही. ती अक्कल नाही. मॅडमनं ज्याच्यासाठी जीव दिला, ते मोजल्याशिवाय पडून आहे, अन् तुम्ही म्हणता काम पुढं नेऊ.

मोठे सर, तुम्ही विभागाचे मुख्य. तुमच्याच सहीनं खोली खाली होऊन राहिली. मी तुमाले विचारते, सगळ्यायसमोर विचारते. हे कागद कोण मोजणार? कोणत्या खोलीत? कोणाच्या नावानं?

आता सगळे उभे व्हा. दोन मिनिटं गप्प राहू मॅडमसाठी. पण सर, तुम्ही सोमवारपर्यंतच गप्प राहा. सोमवारी बारा वाजता मी डबा घेऊन तुमच्या दारात येते. मले मोजणाऱ्याचं नाव पाहिजे.