स्कॅनरची मूळ सीडी

फिनलंडमधल्या औलू शहरात, संगणक दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एकच गिऱ्हाईक होतं, यालमारी आजोबा. काउंटरवर त्यांचा एक संगणक, एक स्कॅनर, एक सीडी आणि जुन्या फोटोंचा गठ्ठा. पलीकडे दुकानात काम करणारी इंकेरी.

"आजोबा, तुमचा संगणक चौदा वेळा बंद पडला, आणि चौदाही वेळा स्कॅनरच्या ड्रायव्हरमुळेच, म्हणजे स्कॅनर चालवणाऱ्या प्रोग्रॅममुळे."

"शक्यच नाही! तीनदा सगळं पुसून नव्याने भरलं मी."

"आणि पुसल्यावर आधी काय टाकलंत?"

"ही सीडी. स्कॅनरसोबतच आलेली, अस्सल."

"बिघाड हिच्यातच आहे. दर वेळी तुम्हीच तो परत घातलात."

"बाप रे! म्हणजे सुनेनं काही केलंच नव्हतं?"

"सुनेनं?"

"'तुझ्या खेळांनी संगणकाची वाट लावली' म्हणालो तिला, सगळ्यांदेखत. जूनपासून घरात पाऊल ठेवलं नाही तिनं."

"नवा ड्रायव्हर घातलाय, मी फोटो स्कॅन करून बघते. तुम्ही तिला फोन लावा."

चाळीस मिनिटांत बावीस फोटो स्कॅन झाले, संगणक एकदाही बंद पडला नाही. आजोबांनी पाच वेळा फोन लावला. पाचही वेळा घंटा पूर्ण वाजून थांबली.